पोहणाऱ्यांचा खांदा आणि हातांचे उपचार: कोणाला कशाने बरं वाटलं?

निळीरेघ (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा मोठेपणी पोहायला शिकलेल्या आणि आता त्याशिवाय चैन न पडणाऱ्या लोकांसाठी आहे. माझं वय ४६. चाळिशीत पोहायला शिकलो. आता सकाळच्या बॅचला दीड-दोन किलोमीटर फ्रीस्टाईल होतं आणि डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत उतरायचं मनात आहे. त्यासाठी अंतर वाढवलं आणि उजवा खांदा कुरकुरायला लागला. हात पाण्यात शिरून पुढे लांबतो आणि पाणी पकडायला जातो, नेमकी तेव्हा खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. शर्ट घालताना येते, त्या कुशीवर झोपलं तरी येते. एक्स-रे स्वच्छ आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून ‘स्विमर्स शोल्डर’ सांगितलं आणि फिजिओथेरपी लिहून दिली.

खरा गोंधळ इथून सुरू होतो. जवळच्या एका ठिकाणी गेलो, तर मशीन लावून पडवून ठेवलं, पिशवीने शेकलं आणि घरी पाठवलं. खांद्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. बॅचमधले एक काका मालिशवाल्याचा नंबर देतात, दुसरे हाडवैद्याकडे चला म्हणतात, एक मित्र कायरोप्रॅक्टरचे (मणक्याला, सांध्यांना हातांनी झटके देऊन उपचार करणाऱ्याचे) व्हिडिओ पाठवतो, त्यात मान फिरवली की कडकन आवाज येतो. सगळे हातांनीच उपचार करणारे, पण प्रत्येक जण नेमकं काय करतो आणि कशासाठी, हे कोणी सांगत नाही.

म्हणून विचारतो: कोणत्या प्रकारच्या माणसाकडे गेलात, त्याने हातांनी काय केलं, आराम किती टिकला आणि पूर्वीसारखं पोहता आलं का? ‘फार छान आहेत, जाऊन या’ एवढंच लिहू नका, तपशील हवा आहे.

बेडूकउडी

माझा खांदा नाही, गुडघा. मी ब्रेस्टस्ट्रोक जास्त पोहते. किक बाहेर फेकून पाय जुळवताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायचं. फिजिओने गुडघा तपासला आणि सोडून दिला, याचं तेव्हा नवल वाटलं होतं. मला पालथं झोपवून गुडघे काटकोनात वाकवायला लावले आणि पावलं दोन्ही बाजूंना बाहेर पाडायला सांगितली. डावं पाऊल सहज पडलं, उजवं अर्ध्यातच अडलं. उजवा खुबा आत वळतच नव्हता, आणि किकला लागणारं ते वळण गुडघ्याकडून वसूल होत होतं.

मग मांडीला रुंद पट्टा बांधून खुबा बाहेर खेचून धरायचे आणि तसाच पाय फिरवायचे. मांडीच्या आतल्या स्नायूंवर अंगठ्याने दाब द्यायचे, तो चांगलाच दुखायचा. टेबलावरून उतरायच्या आधी पाऊल नक्की जास्त पडायचं, पण एक-दोन दिवसांत पुन्हा जैसे थे. घरी रोज खुब्याचे व्यायाम सुरू केले आणि कोचने गुडघे कमी फाकवून किक अरुंद करून घेतली, तेव्हा कुठे ते टिकायला लागलं. आता दुखत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं, की हातांच्या उपचारांचा उपयोग झाला, पण नुसत्या तेवढ्याचा झाला नसता.

वेंगुर्लेकर

मालिश आणि हाडवैद्य म्हटलं की शहरातले लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे रापणीला जाणारी माणसं संध्याकाळी तेल कोमट करून खांदे रगडून घ्यायची आणि पहाटे परत दोर ओढायला उभी राहायची. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणत आणि त्याचा पाय पाठीला लावून घेत. तालुक्याला एक्स-रे नव्हता तेव्हा खांदा निखळलेल्या माणसाला हाडवैद्यच उभं करायचा. निळीरेघभाऊ, चांगल्या हाताचा मालिशवाला मिळाला तर जरूर करून घ्या. सगळंच इंग्रजी नावाचं असायला पाहिजे असं नाही.

संदर्भ

वेंगुर्लेकर, तेव्हाच्या गरजेबद्दल दुमत नाही. पण आज निखळलेला खांदा एक्स-रेशिवाय बसवून घेऊ नये. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नस दबलेली असू शकते, आणि हे बाहेरून कळत नाही.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे मोठेपणी पोहायला लागलेले बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. धागा वाचून निदान होत नाही, हे गृहीत धरा.

आधी हिशोब बघा. पंचवीस मीटरची एक लेंथ साधारण वीस हातांत होते असं धरलं, तर दोन किलोमीटर म्हणजे ८० लेंथ, १६०० हात, एका खांद्याच्या वाट्याला ८००. आठवड्यातून चार दिवस पोहलात तर ३२००. आणि हे सगळे हात डोक्याच्या वर जाणारे. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत मध्यावर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. पाठीवरचं फऱ्याचं हाड वेळेवर फिरवणारे स्नायू वेगळे. अंतर पटकन वाढलं की हे सगळे थकतात, गोळा हवा तिथे राहत नाही आणि ताण कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर, येतो. केनेडी आणि हॉकिन्स या कॅनडाच्या डॉक्टरांनी १९७४ साली ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव पुढे आणलं. पण त्या नावाखाली कफची कंडरा, बायसेप्सची कंडरा, जन्मतः सैल असलेला सांधा, कधी मानेतून उतरणारी कळ, असं बरंच काही येतं. नाव मिळालं म्हणजे कारण मिळालं असं होत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत माझा अर्धा वेळ बघण्यात जातो. पाठ उघडी ठेवून पाठमोरं उभं करते आणि दोन्ही हात सावकाश वर नेऊन सावकाश खाली आणायला सांगते. हात खाली येताना दुखऱ्या बाजूच्या फऱ्याची आतली कड बरगड्यांपासून सुटून वर उचलली जाते का, ते दिसतं. मग एक तळवा फऱ्याच्या खालच्या टोकावर ठेवून ते हाड वर फिरायला मदत करते आणि तोच हात पुन्हा वर न्यायला सांगते. तेवढ्या आधाराने कळ कमी झाली, तर कामाची दिशा मिळाली. त्यानंतर मान, पाठीचा मधला भाग, दोन्ही खांद्यांचं आत-बाहेर वळणं. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांची पाठ मध्ये इतकी आखडलेली असते, की हात पूर्ण वर जायला पाठीकडून मिळायची ती मदत मिळतच नाही.

आता हातांचे उपचार. एक भाग स्नायूंवरचा: मालिश, किंवा दुखऱ्या जागेवर अंगठा स्थिर दाबून धरणं. दुसरा सांध्यावरचा. त्यात मोबिलायझेशन म्हणजे सांधा लयीत थोडा थोडा सरकवणं. ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांनी याच्या पायऱ्या घालून दिल्या, खालच्या पायऱ्या दुखणं शमवायला आणि वरच्या आखडलेला सांधा मोकळा करायला. न्यूझीलंडच्या मलिगन यांच्या पद्धतीत फिजिओ सांधा एका बाजूला सरकवून धरतो आणि हालचाल तुम्ही स्वतः करता. तिसरा भाग मॅनिप्युलेशनचा, म्हणजे छोटा, वेगवान झटका. व्हिडिओत दिसतो तो हाच.

‘गाठ फोडली’, ‘नस मोकळी केली’ असं सांगितलं जातं. तसं आत काही फुटत नाही आणि काही जागेवर बसत नाही. दाबाने आणि हालचालीने मज्जासंस्था दुखण्याची तीव्रता उतरवते, आखडलेले स्नायू सैल सोडतात, आणि हात काही तास किंवा काही दिवस सहज वर जातो. ही सवड खरी असते आणि मोलाची असते. कारण दुखणाऱ्या खांद्याने व्यायाम नीट होत नाहीत आणि पोहण्याची ढब आणखी बिघडते. त्या सवडीत कफचे आणि फऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम झाले पाहिजेत. ते न करता दर आठवड्याला टेबलावर झोपणाऱ्यांचा खांदा मी वर्षानुवर्षं तसाच बघते, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

वेंगुर्लेकर, तेलाच्या मालिशीला माझा विरोध नाही. पोहून आखडलेल्या पाठीला, दंडाला मालिश करून घ्या, झोप छान लागते. फक्त ताज्या दुखापतीवर, सुजेवर, गरम भागावर रगडू नका, आणि कोणी हात खेचून ‘बसवतो’ म्हणाला तर करू देऊ नका. तेल लावून तलावात उतरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

निळीरेघ

सांधेजोडताई, खूप आभार. फऱ्याच्या हाडाला आधार देऊन बघायची गोष्ट बायकोला वाचायला देऊन करून पाहिली. कळ कमी झाली! पण मग मशीनचं काय? ती निरुपयोगी असते का?

सांधेजोड

दुखणं तात्पुरतं कमी करायला वापरतात, तेवढ्यापुरती ठीक. पण नुसती मशीन म्हणजे उपचार नव्हे. तिथे विचारा: तपासणीत काय सापडलं, मी घरी काय करायचं, पोहणं किती ठेवायचं? उत्तरं नसतील तर जागा बदला. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

संदर्भ

पुराव्याची बाजूही इथे यायला हवी. रोटेटर कफच्या दुखण्यात हातांचे उपचार आणि व्यायाम किती उपयोगी, याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा २०१६ साली आला. त्यात ६० चाचण्या होत्या, पण बहुतेकींचा दर्जा बेताचा. हातांचे उपचार आणि व्यायाम या जोडीची नकली उपचाराशी थेट तुलना फक्त एका चाचणीत होती, आणि रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. दुसरीकडे शस्त्रक्रियेचंही तसंच. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत खांद्याच्या वरच्या हाडाची कड दुर्बिणीने तासलेले रुग्ण आणि नुसती दुर्बीण घालून काहीच न तासलेले रुग्ण जवळपास सारखेच सुधारले. त्यामुळे कोणी ‘दहा बैठकांचं पॅकेज घ्या, खांदा बरा करतो’ म्हणालं, तर मी पैसे आधी भरणार नाही.

सांधेजोड

बरोबर आहे, आणि हे रुग्णाला सांगायलाच हवं. या चाचण्यांतले बहुतेक लोक पोहणारे नव्हते, हे लक्षात ठेवलं तरी मूळ मुद्दा बदलत नाही. म्हणून मी एक साधी कसोटी देते. टेबलावर जाण्याआधी दुखणारी हालचाल करून दाखवा. उतरल्यावर तीच करा. पुढच्या वेळी पाण्यात गेलात की तिसऱ्यांदा बघा. टेबलाजवळ फरक पडतो पण पाण्यात पडत नाही, असं तीन-चार भेटींनंतरही असेल, तर तो उपचार तुमच्या कामाचा नाही.

दर्यावर्दी

कोच म्हणून लिहितो. खांदा दुखतोय म्हणून लोक आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतात, आधी यायला पाहिजे. मोठेपणी शिकलेल्यांत मला हेच दिसतं: हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे जातो, अंगठा आधी शिरतो, आणि श्वास एकाच बाजूला. अंगठा आधी घातला की खांदा आत वळतो आणि त्याच वळलेल्या स्थितीत सगळा जोर लागतो. मधलं बोट आधी शिरू दे, हात खांद्याच्या रेषेत ठेवा आणि अंग दोन्ही बाजूंना सारखं फिरू दे. उजवीकडेच श्वास घेणाऱ्याचा उजवा हात कसा शिरतो, हे त्याला स्वतःला दिसत नाही.

दुखणं आहे तोवर पॅडल्स (तळव्यांना अडकवायच्या चपट्या पट्ट्या) बंद. किकबोर्डही बंद! लोक म्हणतात, खांदा दुखतोय म्हणून आज फक्त किक मारतो, आणि बोर्ड पुढे धरून दोन्ही हात ताठ करून अर्धा तास खांद्यावर भार टाकतात. त्यापेक्षा पाठीवर किक मारा, हात मांडीशी. समोरचा स्नॉर्केल (तोंडातून डोक्यासमोरून वर जाणारी श्वासाची नळी) असेल तर श्वासासाठी मान फिरवायची गरज उरत नाही, मानेच्या दुखण्यातही त्याचा उपयोग होतो.

समुद्राचं आणखी एक. मुंबईत संक रॉक ते गेटवे पोहणारे असोत की चिवल्याला येणारे, दिशा बघायला डोकं वर काढावं लागतं. तलावात ती सवय नसते. डोकं उंच काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग हात जास्त ओढतात. फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच वर या आणि श्वास नेहमीसारखा बाजूला घ्या. हे आतापासून तलावात घोटा, नाहीतर स्पर्धेनंतर मान धरून बसाल.

अबोली

मी ५२, मधुमेह आहे. मला सुरुवातीला पोहण्यामुळेच खांदा दुखतोय असं वाटलं होतं. एका मालिशवाल्या बाईंनी हात डोक्यावर ओढून ‘मोकळा’ करायचा प्रयत्न केला, त्यानंतर रात्र रात्र झोप नाही. शेवटी निदान निघालं फ्रोझन शोल्डरचं, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडून बसल्याचं. वाचणाऱ्यांना हे आधी कसं ओळखता येईल?

सांधेजोड

अबोलीताई, फार महत्त्वाचा प्रश्न. चाळीस ते साठ या वयात, विशेषतः मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत हे जास्त दिसतं. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखऱ्या बाजूला तो जवळजवळ जातच नसेल, दुसऱ्याने हलवला तरी अडत असेल, तर पोहण्याचं दुखणं समजून रगडत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात जोराने ताणलं तर त्रास वाढतो. तेव्हा हलक्या हालचाली, गरज पडली तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. ताकदीने मोकळं करायची घाई नको.

आणखी काही वेळा टेबलावर जायच्या आधी डॉक्टरच हवेत: हात एकाएकी उचलता न येणं, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, स्थिती बदलली तरी न थांबणारं रात्रीचं दुखणं. आणि चालताना, जिना चढताना डावा खांदा किंवा दंड भरून येत असेल, धाप लागत असेल, घाम फुटत असेल, तर तो खांदा नसून हृदय असू शकतं. तिथे एक दिवसही थांबू नये.

कुंभार्ली

मानेच्या कडकन आवाजाचं कोणीतरी स्पष्ट सांगा. आमच्या ग्रुपमध्ये रोज एक व्हिडिओ येतो.

संदर्भ

आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातला दाब एकदम उतरतो आणि आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यात एमआरआयखाली ती पोकळी तयार होताना पाहिली. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला, असा अर्थ काढू नये.

सांधेजोड

आणि मानेच्या झटक्याबद्दल माझं मत ठाम आहे: पोहणाऱ्याच्या साध्या मानदुखीसाठी तो घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण जे काम हळू मोबिलायझेशनने आणि व्यायामाने होतं त्यासाठी ही जोखीम कशाला? झटक्यानंतर कधी न अनुभवलेली मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, असं काही झालं तर थेट इस्पितळ. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी पाठीवरचे झटकेही टाळावेत, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जोरकस मालिशसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

कुंभार्ली

धन्यवाद. ग्रुपवर हा प्रतिसाद चिकटवतोय.

जलपरी७१

तुंबड्यांबद्दल? रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ ला, मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल डाग दिसले तेव्हापासून आमच्या तलावावर दर दोन-चार जणांत एकाच्या पाठीवर असतात.

सांधेजोड

मालिशीसारखंच, तात्पुरतं सैल वाटतं. फेल्प्सच्या मागे कोच, फिजिओ, रोजचं ताकदीचं काम होतं, डाग तेवढे आपल्याला दिसले. कोरड्या तुंबड्या निरोगी माणसाला सहसा अपाय करत नाहीत, पण कापे देऊन रक्त काढायचं असेल तर नको, आणि कातडी फुटलेली असताना तलावात उतरू नका.

यारानदी

मेलबर्नहून. इथे फिजिओकडे जायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९७६ पासून आहे. त्यामुळे आमच्या मास्टर्स क्लबातले लोक दुखणं जुनं व्हायच्या आधीच जातात. इथे मास्टर्स म्हणजे अठराच्या पुढचे, आणि आमच्यात सत्तरीचेही आहेत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की माझ्या फिजिओने पोहणं पूर्ण बंद केलंच नाही. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीवर उतरलेलं हवं, असा नियम दिला. नाही उतरलं तर पुढच्या वेळी अंतर कमी. हातांचं काम पहिल्या काही भेटींतच होतं, नंतर फक्त थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) आणि डंबेल्स. दुखणं गेल्यावरही व्यायाम चालू ठेवायला सांगितले आणि मी ठेवलेत.

सांधेजोड

हाच नियम मीही देते.

वेंगुर्लेकर

ताई, तुमचं म्हणणं पोचलं. हात खेचून देणार नाही. पण रात्रीचं तेल सोडणार नाही! निळीरेघभाऊ, डिसेंबरात चिवल्याला आलात की सांगा, पाण्याजवळ उभा राहीन.

निळीरेघ

नक्की कळवतो. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून असं ठरवलंय: तपासून सांगणाऱ्या फिजिओची वेळ घेतली आहे, पॅडल्स आणि किकबोर्ड बॅगेतून काढले, अंतर पुन्हा दीडवर. स्पर्धेत कोणतं अंतर घ्यायचं ते खांदा कसा वागतो त्यावर, हट्ट नाही. दर्यावर्दीसर, फिजिओला माझा स्ट्रोक दाखवायचा आहे. व्हिडिओ कुठून काढू?

दर्यावर्दी

समोरच्या कठड्यावरून, तुम्ही कॅमेऱ्याकडे येताना. हात मधली रेषा ओलांडतो का ते तिथूनच दिसतं. मग दोन्ही बाजूंनी एकेक लेंथ. ताज्यातवान्या अवस्थेतला नको, सेट संपत आल्यावरचा काढा, थकल्यावरच खरी चूक दिसते. तलावावर मोबाईलला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा आधी व्यवस्थापकांना लेखी विचारा आणि दुसरं कोणी चौकटीत येणार नाही अशी कडेची लेन घ्या. आमच्याकडे दुपारी महिलांच्या बॅचच्या आधी अर्धा तास तलाव रिकामा असतो, कोच सोबत असेल तर देतात.